सत्ताविसावा दात

मी डोक्यानं गरम माणूस आहो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी म्हणायले नको की रुपराव ढोबळेनं आपल्या सोयीचं तेवढं सांगितलं. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात वायरी, नेटवर्क, स्क्रीन हे सगळं मी पाहतो. चोवीस वर्षं झाली. दवाखान्याचं नाव नाही सांगत, कारण चूक दवाखान्याची नव्हतीच. चूक कोणाची होती तेच सांगायले बसलो आहो, आणि शामला बारापात्रे कोण ते बी. त्या शनिवारपासून जो तो मले विचारते, ‘ती बाई कोण होती गा, चपला फेकून जिन्यानं धावली ती?’

ती शामला. त्रेचाळीस वर्षांची, मूळची खाप्याची. कन्हान नदीच्या काठी यांचं घर, घरात हातमाग, मागावर आई कांताबाई. शामलाचे हात दहाव्या वर्षापासून धाग्यात. मग नागपूरले पॉलिटेक्निकले आली आणि कॉम्प्युटरच्या मागे लागली ते लागलीच. आता सीताबर्डीत मोबाइल कव्हरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चार माणसांची एक कंपनी आहे, तिथे काम करते. ही कंपनी एक काळी पेटी बनवते. दवाखान्याच्या खोल्यांतून येणाऱ्या सगळ्या वायरी त्या पेटीत घुसतात आणि कोणता माल कोणत्या डेस्कवर जायचा ते ती पेटी ठरवते. आम्ही तिले चौकी म्हणतो.

चौकीच्या पोटात, सगळ्यात आत, एक प्रोग्राम राहते. त्याले कर्नेल म्हणतात. तुमच्या मोबाइलच्या पोटात बी असा एक आहे. तो कोणाले दिसत नाही, बिघडला तेव्हाच त्याचं नाव निघते. शामला वीस वर्षं त्या पोटात हात घालून बसली आहे. तिनं दुरुस्त केलेल्या ओळी जगभर चालतात म्हणे. आणि खाप्यात तिच्या मावशीले अजून वाटते, पोरगी नागपुरात टायपिंग करते.

आता दुखणं काय होतं ते सांगतो. आमच्या दुसऱ्या मजल्यावर हृदयाचा वार्ड आहे. दहा खोल्या, प्रत्येकात एक पेशंट, छातीले वायरी लावलेल्या, दार बंद, एसी चालू. ठोके बिघडले की खोलीतलं मशीन वाजते, पण बंद दारातून ते डेस्कपर्यंत ऐकू येत नाही. म्हणून तो इशारा चौकीतून डेस्कच्या स्क्रीनवर जाते आणि स्क्रीन बोंब मारते. सिस्टरचा सारा भरवसा त्या बोंबेवर.

उन्हाळ्यापासून ती स्क्रीन अडकायले लागली. सकाळी अकराले ओपीडीची गर्दी झाली, एक्स-रेचे मोठे मोठे फोटो वायरीतून निघाले, की हृदयाच्या वार्डाची स्क्रीन जागच्या जागी थिजायची. पाच सेकंद, दहा सेकंद. एकदा तर पाऊण मिनिट. त्या पाऊण मिनिटात चार नंबरच्या बाईचे ठोके पडले होते. सिस्टर गोळी द्यायले म्हणून आत गेली, म्हणून वाचली बाई. वार्डाच्या मुख्य डॉक्टर मिनल, वयानं माझ्या मुलीएवढ्या, त्यांनी मले सगळ्यांसमोर विचारलं, ‘रुपरावजी, पुढच्या वेळी नशीब रजेवर असलं तर?’

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. पण बोलणार कोणाले? बरोबर बोलल्या होत्या त्या.

सात नंबरच्या खोलीत आनंदराव म्हणून पेशंट होते, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, सावनेरकडचे, म्हणजे माझ्याच पट्ट्यातले. सहासष्ट वर्षांचा माणूस, पण जीभ विशीतली. मी दिसलो की विचारायचे, ‘काय गा रुपराव, आज तुझी पेटी जागी आहे की झोपली?’ आणि छातीवरच्या चिकटपट्ट्यांनी खाज सुटते म्हणून सिस्टरच्या डोळ्यांदेखत वायरी ओढायचे. त्यांची बायको हातावर चापट मारायची. मी वरवर हसायचो. पेटी खरंच झोपत होती.

शामला तीन दिवस आमच्या वार्डात प्लास्टिकच्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसली. चौथ्या दिवशी मले कॅन्टीनमधे घेऊन गेली आणि माझाच जेवणाचा डबा समोर ओढला.

‘पाहा भाऊ. वायरीतून जे येते ते तुकड्या-तुकड्यानं येते. एका तुकड्याले पॅकेट म्हणतात. समजा हा डबा. आत माल, म्हणजे पेशंटचे ठोके. पण डबा कोणत्या वायरीतून आला, कोणत्या डेस्कवर जायचा, हे कर्नेलले लिहून ठेवावं लागते. ती चिठ्ठी. आता ही चिठ्ठी डब्यावर नाही ठेवत, वेगळीकडे ठेवतात. दर डब्याले नवी चिठ्ठी मागा, लिहा, काम झालं की फेका. गर्दीत मेमरी भरली की चिठ्ठी मिळत नाही. आणि चिठ्ठी नाही मिळाली तर कर्नेल डबाच फेकून देते. तुमचे ठोके असे केरात जाऊन राहिले.’

‘मग चिठ्ठ्या वाढव न वं!’

‘किती वाढवू? गर्दी उद्या आणखी वाढन. चिठ्ठीची जागाच बदलायची. झाकणावरच लिहायची. डबा आहे म्हणजे झाकण आहेच, मागायचं कामच नाही. पण एक आहे. कर्नेल रिकामे डबे फेकत नाही, पुन्हा भरते. तर पुन्हा भरायच्या आधी झाकण पुसायचं. नाही तर जुनी चिठ्ठी तशीच राहीन.’

‘तर पूस. त्यात काय?’

‘डबे भरायच्या जागा एकेचाळीस आहेत. नेटवर्कच्या दर जातीच्या कार्डाची वेगळी. एकेचाळीस ठिकाणी पुसायचं.’

तिच्या कंपनीचा मालक सौरव म्हणे, सगळं एका झपाट्यात नव्यानं लिहून टाक, आठ दिवसांत. शामला म्हणाली, तीन आठवडे. आणि त्यावरून ती हलली नाही.

त्याच दिवसांत तिच्या बर्डीतल्या टेबलावर मी एक फणी पाहिली. फणी म्हणजे मागावरची, जिच्या दातांतून ताण्याचा, म्हणजे लांबीचा, एक एक धागा जाते. कांताबाईची जुनी, बांबूच्या दातांची, अर्ध्यातून मोडलेली. मॉनिटरले टेकून ठेवलेली, आणि एका दातावर लाल दोरा.

मी म्हटलं, ‘पूजा करते काय वं हिची?’

ती हसली. म्हणाली, ‘आमच्याकडे माग कधी रिकामा नाही करत, भाऊ. ताणा संपत आला की जुन्या धाग्यांची टोकं फणीत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एक एक धागा जुन्या एक एक टोकाले सांधतात. दोन हजार धागे तर दोन हजार सांधे. मग हळूच ओढलं की नवा ताणा फणीतून इकडे येते. मी बी तसंच करून राहिली. जुनं चालू ठेवते, एक जागा सांधते, चालवून पाहते, मग पुढची. एक दात म्हणजे एक जागा.’

‘आणि दोरा?’

‘दोरा हातातल्या दातावर राहते, ज्याच्यावर काम चालू आहे त्याच्यावर. सांधणीवर बसलेल्या बाईले खाप्यात कोणी हाक मारत नाही. घरात साप निघाला तरी शेजारच्याले बोलावतात. उठावंच लागलं, तर दोरा एक दात मागे घ्यायचा, मगच उठायचं. परत आलं की दोऱ्याच्या पुढच्या दातापासून सुरू. म्हणजे अर्धवट राहिलेला धागा सुटत नाही. आईनं मले यासाठीच एकदा मारलं आहे. एकदाच.’

‘दोन हजारात एखादा सुटला तर काय आभाळ कोसळते?’

‘लुगडं बिघडते,’ ती म्हणाली. ‘इथे लुगडं नाही न, भाऊ.’

हे ऐकलं होतं मी. माझ्या या कानांनी ऐकलं होतं. म्हणून पुढचं सांगताना लाज वाटते.

एका मंगळवारी पावणेबाराले स्क्रीन पुन्हा थिजली. पूर्ण मिनिट. कोणाले काही झालं नाही, पण डॉक्टर मिनलनं फोन केला आणि रागावल्या बी नाहीत. नुसतं म्हणाल्या, ‘तुमच्याच्यानं होत नसेल तर सांगा.’ झालं, माझं डोकं फिरलं. स्कूटर काढली, बर्डीले पोचलो, जिना चढलो. दारावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी. ढकललं दार.

शामलानं मान वर केली नाही, फक्त डावा हात उचलला. ‘भाऊ, दोन मिनिटं.’

‘दोन मिनिटं काय लावलं वं! तिकडे माणसं मरून राहिली आणि तू इथे फणीचे दात मोजून राहिली! चाल, उठ!’

सौरव मधे आला, ‘काका, काका,’ करून. त्याले बी मी ऐकवलं. आणि मग तिची खुर्ची मागे ओढली. खरंच ओढली, गा. चोपन्न वर्षांचा माणूस मी, आणि कामावर बसलेल्या बाईची खुर्ची ओढली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फणीकडे, आणि पर्स उचलून उठली.

दवाखान्यात येऊन तिनं एक्स-रेची वायर तात्पुरती दुसरीकडून फिरवली. स्क्रीन चालली. मले वाटलं, पाहा, ओरडल्याशिवाय काम होत नाही. खरंच असं वाटलं मले. संध्याकाळी घरी बायकोले शान मारून सांगितलं बी.

दोन आठवड्यांनी एकेचाळीस जागा पुऱ्या झाल्या. कंपनीतल्या पेटीवर आठ दिवस चालवून पाहिलं, एक डबा पडला नाही. शनिवारी सकाळी दहाले आम्ही आमच्या चौकीत नवीन कर्नेल घातलं. शामलाची अट होती की पहिले दोन तास दर खोलीत एक सिस्टर बसली पाहिजे, स्क्रीनच्या भरवशावर कोणी राहायचं नाही. डॉक्टर मिनल म्हणाल्या, ‘दहा सिस्टर आणू कुठून? एक तास देते.’ शामला काही बोलणार होती. मीच म्हटलं, ‘एक तास भरपूर झाला, मॅडम.’

आम्ही दोघं तळमजल्यावर माझ्या केबिनमधे बसलो. शामलाच्या लॅपटॉपवर एक आकडा होता, मिनिटाले किती डबे फेकले गेले त्याचा. आधी गर्दीच्या वेळी तो तीनशेवर जायचा. साडेदहा झाले, शून्य. पावणेअकरा, शून्य. अकराले ओपीडी भरली, बाहेर टोकनच्या रांगेत भांडणं सुरू झाली, एक्स-रे धावायले लागले. मी आकड्याकडे पाहून राहिलो. शून्य. दुसऱ्या मजल्यावर फोन केला तर सिस्टर म्हणे, स्क्रीन पाण्यासारखी चालून राहिली. एक तास भरून वर दहा मिनिटं झाली होती. खोल्यांतल्या सिस्टर आपापल्या कामाले गेल्या. मी माणूस पाठवून तर्री-पोहे मागवले.

शामलानं पोह्याले हात लावला नाही. म्हणाली, ‘गर्दी आणखी वाढू द्या, भाऊ.’

‘तुले आनंद बी होत नाही काय वं?’

तेवढ्यात फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरून वच्छला सिस्टर, हाडांच्या वार्डाची. तिथे बी ऑपरेशन झालेल्यांच्या छातीले वायरी असतात. वच्छला हसून राहिली होती.

‘रुपरावभाऊ, तुमची नवी पेटी खोटं बोलते हो! सात नंबरची बाई माझ्यासमोर बसून पपई खाऊन राहिली आणि स्क्रीन बोंबलून राहिली, सात नंबरचे ठोके छत्तीस म्हणून. आवाज बंद करू काय? कान किटले.’

‘कर बंद,’ मी म्हटलं. ‘पाठवतो कोणाले तरी.’

‘काय म्हणाल्या?’ शामलानं विचारलं.

‘काही नाही. हाडांच्या वार्डात सात नंबरचा खोटा इशारा.’

ती ताडकन उभी राहिली. ‘खोटा नाही,’ ती म्हणाली. ‘चिठ्ठी जुनी आहे. डबा खरा आहे.’ आणि लगेच, ‘भाऊ, हृदयाच्या वार्डात सात नंबर कोण?’

आनंदराव. मी नाव घेतलं की फक्त तोंड उघडलं, मले आठवत नाही. ती दारातून गेली होती. लिफ्ट चौथ्यावर अडकलेली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिची एक चप्पल सुटली, दुसरी तिनंच झटकली. मी मागे. माझ्या छातीत भाता चालून राहिला होता आणि डोक्यात एकच, की डेस्कच्या सिस्टरनं पाहिलं असन, पाहिलंच असन.

सिस्टर डेस्कवरच होती. स्क्रीन तिच्यासमोर. शामला दुरूनच ओरडली, ‘सात नंबर! सात नंबर पाहा!’ सिस्टरनं स्क्रीनकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, ‘सात नंबर ठीक आहे, चौऱ्याहत्तर आहेत ठोके.’ होतेच चौऱ्याहत्तर. शेवटचा जो बरोबर डबा पोचला त्यातले. त्यानंतरचे सगळे वरच्या मजल्यावर चालले होते.

शामलानं दार ढकललं आणि आतला आवाज बाहेर आला. मशीन कोण जाणे कधीचं किंचाळून राहिलं होतं. आनंदरावांची मान एका बाजूले पडलेली, तोंड उघडं, चादरीवर पाण्याचा ग्लास सांडलेला. माणसानं पाणी घ्यायले हात पुढे केला होता.

डॉक्टर मिनल धावत आल्या, तीन सिस्टर आल्या, दार लागलं. आम्ही बाहेर. आतून छाती दाबत मोजण्याचा आवाज, मग थांबा, मग पुन्हा मोजणं. शामला भिंतीले टेकून अनवाणी उभी होती आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर घासून राहिली होती, धाग्याले पीळ देतात तशी. मी पांडुरंगाले, मारुतीले, ज्याचं नाव आठवलं त्याले हात जोडले. तेवढ्यात आनंदरावांची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. दाराबाहेर आम्हाले पाहून थबकली.

‘काय झालं, भाऊ?’

मी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि त्यांले बाकावर बसवलं.

चौदा मिनिटांनी डॉक्टर मिनल बाहेर आल्या. कपाळाले घाम. ‘आले परत,’ म्हणाल्या. मग शामलाकडे पाहून, ‘आणखी दोन मिनिटं झाली असती तर नसते आले.’

शामलानं मान हलवली, खाली गेली, आणि आधी जुनं कर्नेल परत घातलं. मग चप्पल न घालता तशीच रिक्षात बसून बर्डीले. मी स्कूटरनं तिच्या मागे. सौरवनं काही विचारायले तोंड उघडलं, मी त्याले डोळ्यांनीच गप्प केलं. ती पहिल्या जागेपासून पाहायले लागली. एक, दोन, तीन. मी खुर्चीमागे उभा. दर ठिकाणी वर तिनं आपल्यासाठी लिहिलेली एक ओळ, ‘इथे झाकण पुसणे’, आणि खाली पुसायचा कोड. सव्विसावी जागा झाली. सत्ताविसाव्या जागी तिचा हात थांबला.

वरची ओळ होती. ‘इथे झाकण पुसणे.’ खाली काहीच नव्हतं.

‘हेच तुमच्या हृदयाच्या वार्डाच्या वायरीचं कार्ड,’ ती म्हणाली. ‘झाकण पुसलं नाही. जुनी चिठ्ठी दिसली तर कर्नेल नवी लिहीत नाही. गर्दी वाढली, डबे पुन्हा भरायले लागले, आणि हाडांच्या वार्डातले जुने डबे यांच्या वाट्याले आले. आमच्या इथल्या पेटीत हे कार्डच नाही, म्हणून सापडलं नाही.’

त्या ओळीच्या बाजूले कॉम्प्युटरनं तारीख आणि वेळ लिहून ठेवली होती. मंगळवार, बारा वाजून चार मिनिटं. त्या वेळी मी कुठे होतो हे मले कोणी सांगायची गरज नव्हती. ज्या खुर्चीच्या पाठीवर आता माझा हात होता, त्याच खुर्चीवर तेव्हा बी होता. त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी तिनं येऊन पाहिलं तर दोरा सत्ताविसाव्या दातावर. उठताना मागे न घेतलेला. तिनं रोजच्या सवयीनं पुढच्या दातापासून, अठ्ठाविसाव्यापासून सुरू केलं.

ती तशीच चिठ्ठी लिहायले बसली, दवाखान्याले एक आणि कर्नेलवर काम करणाऱ्या जगभरच्या लोकांले एक. मी वाचली. ‘सत्ताविसावी जागा माझ्याकडून सुटली. दोष माझा आहे.’ बस. माझं नाव कुठेच नाही.

मी चिडलो. हाव, तेव्हा बी चिडलोच. ‘तू काहून असं लिहिलं वं? मी उठवलं न तुले! खुर्ची ओढली न मी!’

‘दोरा मागे घ्यायले अर्धं मिनिट लागते, भाऊ,’ ती म्हणाली. ‘मी तुमच्या रागाले भेली आणि ते अर्धं मिनिट घेतलं नाही. आईच्या मारापेक्षा तुमचा आवाज मोठा वाटला मले.’

आपलेच दात, आपलेच ओठ. मले तिथे रडू आलं, आणि सौरव पाहून राहिला होता तरी मी ते पुसलं नाही.

रविवारी आनंदराव शुद्धीवर होते. मी खोलीत गेलो तर त्यांची बायको उठून हात जोडायले लागली. ‘भाऊ, तुमच्या पेटीनं आवाज दिला म्हणून वाचले हो हे.’ तो नमस्कार घेणं माझ्याच्यानं झालं नाही. सगळं सांगितलं. बर्डीचा जिना, दारावरची पाटी, खुर्ची, दोरा, सगळं. बायको पदर तोंडावर धरून ऐकत राहिली, मग माझ्याकडे पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आनंदरावांचा आवाज बसलेला. तरी म्हणाले, ‘अबे, गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर काय लिहिलं राहते?’

‘चालकाशी बोलू नये.’

‘तीस वर्षं गाडी चालवली मी त्याच्याखाली बसून. तुले वाचता येत नाही काय बे?’ आणि डोळे मिटून घेतले.

दवाखान्याच्या चौकशीत मी तेच लिहून दिलं. काम करणाऱ्या बाईले मी कामावरून उठवलं, आणि सिस्टर लवकर उठवायले हो बी मीच म्हटलं. त्याचा निकाल अजून लागायचा आहे. लागन तो लागन.

डॉक्टर मिनल म्हणाल्या, जुनी पेटी रोज डबे फेकते, नवीन पेटी चुकीच्या दारात टाकते, आता काय करू? शामला म्हणाली, ‘चार दिवस द्या. आणि या वेळी सिस्टर मी म्हणेन तोवर.’ त्या चार दिवसांची मी रजा टाकली. बर्डीच्या त्या जिन्यावर, पाटीच्या खाली, सकाळी दहा ते सहा बसलो. कुरिअरवाला आला, परत पाठवला. विजेवाला आला, खालूनच पळवला. सौरव आतून बाहेर गेला आणि चहा घेऊन परत आला तर त्याले बी दाराशी थांबवलं. तो म्हणे, ‘काका, कंपनी माझी आहे.’ मी म्हटलं, ‘असन. ती उठन तेव्हा जा.’ शामलानं एकेचाळीस जागा पहिल्यापासून पुन्हा सांधल्या आणि हृदयाच्या वार्डात आहे तसलंच कार्ड आणून तिथल्या पेटीत लावून पाहिलं.

दुसऱ्यांदा कर्नेल घातलं तेव्हा दोन दिवस दर खोलीत सिस्टर बसली. डॉक्टर मिनल स्वतः एका खोलीत बसल्या. तिसऱ्या दिवशी शामलानं फोनवर सांगितलं, आता उठवा. ती बर्डीत होती, फणीले दोरा लावून दुसऱ्या एका दवाखान्याच्या पेटीवर बसलेली, आणि आमच्या वार्डाचे इशारे तिले तिथे बी दिसत होते. मी डेस्कजवळ उभा होतो. अकरा वाजले. साडेअकरा. ओपीडी तुडुंब. आकडा शून्य. पण आता शून्यावर माझा भरवसा नव्हता, मी तिसऱ्या मजल्यावर वच्छलाले दर पाच मिनिटाले फोन करून राहिलो होतो. ‘काही वाजलं काय?’ ‘नाही हो भाऊ, काम करू द्या.’

बारा वाजून सहा मिनिटांनी डेस्कची स्क्रीन बोंबलली. लाल पट्टी. सात नंबर.

सिस्टर धावली, डॉक्टर मिनल धावल्या, मी धावलो. दार उघडलं तर आनंदराव पलंगावर बसलेले, शर्ट वर केलेला, एका हातात छातीवरून ओढून काढलेली वायर, दुसऱ्या हातानं खराखरा खाजवून राहिले होते. आम्हा सगळ्यांले दारात पाहून दचकले.

‘अबे! माणसानं खाजवू बी नये काय?’

डॉक्टर मिनल हसायले लागल्या. आनंदरावांची बायको कपाळावर हात मारून घेऊन राहिली होती. मी तिथेच दाराजवळ फरशीवर बसलो. खिशातला फोन वाजून राहिला होता, उचलला.

‘भाऊ, माझ्याकडे सात नंबर लाल दिसला,’ शामला होती. ‘कुठे वाजलं? कोणत्या डेस्कवर?’

‘इथे वाजलं वं,’ मी म्हटलं. ‘बरोबर दारात वाजलं. म्हातारा बसून खाजवून राहिला.’

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ‘मी येते,’ म्हणाली. ‘एकदा डोळ्यांनी पाहून जाते. लगेच निघते.’

‘ये,’ मी म्हटलं. ‘पण आधी दोरा मागे घे. मी थांबतो.’

फोन कानाले लावून मी थांबलो.